गिअरची गाडी शिकवणारा म्हसरूळचा क्लास

नाशकात दुचाकी शिकवणारे क्लास पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच पाट्यांवर 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलेलं असतं आणि शिकवायला मोपेड असते. ज्यांच्यासाठी ते आहेत त्यांची चांगली सोय होते. माझी बायको अशाच एका क्लासात अ‍ॅक्टिव्हा शिकली आणि आज भर गर्दीच्या वेळी द्वारका चौकातून निर्धास्त जाते. माझी गरज वेगळी होती. वय चव्वेचाळीस, पुरुष माणूस, आणि शिकायची होती गिअरची मोटारसायकल, तीही अगदी पहिल्यापासून.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आजवर नोकरी अशा ठिकाणी झाली की सिटी बस आणि थोडं पायी चालणं यात भागून जायचं. आता बदलीत पेठ तालुक्यातली शाळा मिळाली. पेठपर्यंत एसटी आहे, पण मुख्य रस्ता सोडून आत पाड्यावर जायचं तर स्वतःची गाडी हवीच. रोज दुसऱ्याच्या मागे बसून जाणं काही दिवस चालतं, वर्षभर नाही. मोपेडचा विचार करून पाहिला. तिची चाकं लहान, दहा-बारा इंची. त्या रस्त्यावरचे खड्डे आणि घाटाचे चढउतार पाहता अठरा इंची चाकाची मोटारसायकलच बरी, असं तिकडे वर्षानुवर्षं जाणाऱ्या सगळ्याच सहकाऱ्यांनी सांगितलं.

चौकशी सुरू केली तेव्हा एका क्लासवाल्यांनी "पुरुषांना शिकवत नाही" म्हणून फोन ठेवला. दुसरीकडे उत्तर मिळालं, "सर, गाडी मित्राकडून शिकून घ्या, लायसन्सचं आम्ही बघतो." हे उत्तर मला फार लागलं. मी वर्गात उभं राहून म्हणालो की पोरांना शिकवायचं तुमचं तुम्ही बघा, पास मी करून देतो, तर पालक मला गावात उभं करतील का? आणि इथे तर प्रश्न जिवाचा आहे.

म्हणून हा क्लास सापडला याचा आनंद मोठा आहे, आणि तो सविस्तर लिहावा असं वाटतं. दिंडोरी रोडने म्हसरूळ ओलांडून थोडं पुढे, चामरलेणीचा डोंगर समोर दिसतो अशा जागी एक मोकळं मैदान आहे. नवरा-बायको दोघं मिळून क्लास चालवतात. काकू मोपेड शिकवतात, नाना गिअरची गाडी. नाना एसटीत चालक होते, निवृत्तीनंतर हे काम सुरू केलं. क्लासचं नाव इथे देत नाही, कारण तशी त्यांची विनंती आहे. एका वेळी चारच शिकाऊ घेतात आणि त्याहून जास्त त्यांना नको आहेत. ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना रीतसर फ्रेम करून खोलीत लावलेला आहे. फी साडेचार हजार, पेट्रोल त्यातच. मोपेडच्या क्लासपेक्षा जास्त आहे, पण मला ती रास्त वाटली.

पहिली अट अशी की शिकाऊ लायसन्स हातात असल्याशिवाय नाना गाडीला हात लावू देत नाहीत. ते काढणं आता सोपं आहे. २०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. अर्ज 'सारथी' पोर्टलवर भरायचा. केंद्राच्या नियमाप्रमाणे एका वर्गाच्या वाहनासाठी शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म एक-अ लागतो, तो आधीच करून ठेवावा. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघावी लागते, मग पंधरा प्रश्न येतात आणि त्यातले नऊ बरोबर यावे लागतात. अर्ज भरताना एक लक्षात ठेवा : गिअरच्या दुचाकीचं लायसन्स असेल तर मोपेडही चालवता येते, पण नुसतं विनागिअरचं काढलं तर मोटारसायकल चालवता येत नाही. ज्यांना पुढेमागे कधीही बाईक चालवायची आहे त्यांनी एकदाच गिअरचं काढावं.

घरून परीक्षा देता येते म्हणून नाना समाधान मानत नाहीत. मैदानावर आल्यावर त्यांनी आमची तोंडी परीक्षा घेतली. लाल कडेचं गोल चिन्ह म्हणजे आज्ञा, ती मोडली तर गुन्हा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढच्या धोक्याची सूचना. निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती. हे पाठ करून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "गुरुजी, मायको सर्कलला तुम्ही शिरताय आणि सर्कलमध्ये आधीच एक रिक्षा फिरतेय, तर आधी कोण जाणार?" जी गाडी आधीपासून सर्कलमध्ये आहे ती. नाशकात एवढी सर्कलं आहेत आणि बहुतेक जण शिरताना आधी हॉर्न वाजवतात, मग बघतात. मायको सर्कल, एबीबी सर्कल अशी आपली रोजची ठिकाणं घेऊन नियम समजावल्यामुळे ते डोक्यात पक्के बसले. वीस वर्षं शिकवतोय, त्यामुळे मला कळतं की माहितीच्या ठिकाणाचं उदाहरण घेतलं की मूल लगेच ऐकू लागतं. मोठ्या माणसांचंही तसंच असतं.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच केलं नाही. शिकायची गाडी होंडा शाईन, वजन एकशे दहा किलोच्या वर. नानांनी ती स्टँडवरून काढायला लावली, हँडल धरून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलायला लावली, वळवून परत आणायला लावली, पुन्हा मधल्या स्टँडवर चढवायला लावली. मग गाडी थोडी डावीकडे कलती करून हातात दिली. किती कलल्यावर एकदम जड होते ते हाताला कळलं. आणखी थोडी, आणखी थोडी. एका जागेनंतर ती पेलवेनाशी होते. "ही जागा लक्षात ठेवा," नाना म्हणाले, "याच्या अलीकडे असाल तर नुसत्या पायाने गाडी सांभाळता येते." माझ्याबरोबर सातपूर एमआयडीसीत काम करणारी एक ताई होती, उंची पाच फुटांच्या आसपास. ती घाबरून आली होती की पाय पूर्ण टेकणार नाहीत. नानांनी तिला एकच पाय टेकवून, सीटवर थोडं सरकून थांबायला शिकवलं. त्या एका तासात तिचं निम्मं भय गेलं हे मी समोर पाहिलं.

दुसरा भाग क्लचचा. यात मला नानांचं शिकवणं सगळ्यात जास्त आवडलं. बहुतेक जण "क्लच हळूहळू सोडा" एवढंच सांगतात. हळूहळू म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. नानांनी अ‍ॅक्सिलेटरला हातच लावू दिला नाही. पहिला गिअर टाकायचा आणि उजवा हात मांडीवर ठेवून नुसता क्लच सोडत जायचं. एका ठिकाणी इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो, गाडी अंगाखाली हलल्यासारखी होते, पुढे सरकू बघते. तिथेच थांबायचं. पुन्हा दाबायचं. पुन्हा सोडत त्याच जागी यायचं. हे इतक्या वेळा करून घेतलं की ती जागा बोटांना पाठ झाली. मग नुसत्या क्लचवर, पायी चालण्याच्या वेगाने, फक्कीने आखलेल्या सरळ रेघेवरून गाडी न्यायची. वेग वाढवला तर नाना ओरडत नाहीत, हात वर करून थांबवतात आणि विचारतात, "काय झालं, सांगा." काय झालं ते आपण आपल्या तोंडाने सांगायचं. क्लच एकदम सुटला, की नजर खाली गेली, की अ‍ॅक्सिलेटर पिळला गेला. उत्तर आपल्याच तोंडून काढून घेण्याची ही पद्धत चांगल्या शिक्षकाची आहे. मी अनेक प्रशिक्षणांना बसलोय, तिथेही ती क्वचित दिसते.

त्या ताईची बोटं लहान, क्लचपर्यंत पोचायला ताण पडायचा. नानांनी पान्याने क्लचची वायर थोडी सैल करून लिव्हरची पकड जवळ आणून दिली. तिचं झालं की पुन्हा पहिल्यासारखी करायचे. रोज. न कंटाळता.

गिअर एक खाली, चार वर. न्यूट्रल सापडणं ही नवख्याची मोठी अडचण असते. त्यासाठी नानांनी गाडी थांबायच्या आधीच, चाक फिरत असताना दुसऱ्यावर येऊन मग अर्धा टोला देऊन न्यूट्रल काढायची सवय लावली. पायात बूट सक्तीचे. चप्पल घालून आलेल्या एका पोराला परत पाठवलं.

आता ब्रेक. माझ्या मते हा सगळा क्लास या एका धड्यासाठी करावा. आपल्याकडे घरोघरी एकच शिकवण असते : पुढचा ब्रेक लावायचा नाही, लावला तर माणूस तोंडावर पडतो. मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. नानांनी मैदानावर आडवी रेघ मारली. रेघेवर आलं की फक्त मागचा ब्रेक. जिथे गाडी थांबली तिथे फक्कीची खूण. तोच वेग, तीच रेघ, आता दोन्ही ब्रेक, पुढचा हाताने दाबत दाबत. गाडी कितीतरी अलीकडे थांबली. दोन खुणांच्या मधली जागा दाखवत नाना म्हणाले, "या जागेत पोरगं आलं असतं." बाकी काही बोलले नाहीत.

कारण त्यांनी नंतर समजावलं. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढे जातं, पुढचं टायर जमिनीला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं आणि मागच्या एकट्या ब्रेकने नुसतं घसरतं. पुढचा ब्रेक वाईट नाही, तो हिसक्याने लावणं वाईट आणि हँडल वळलेलं असताना लावणं वाईट. खडीवर, वाळूवर, ओल्या पट्ट्यावर आणखी जपून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय) किंवा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असावंच लागतं. शाईनला सीबीएस आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. पण त्याच्या भरवशावर हाताचा ब्रेक विसरू नका, हे नानांनी पुन्हा पुन्हा बजावलं. हा सराव त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत रोज घेतला. परीक्षेत हे कोणी विचारत नाही म्हणून सोडून दिलं नाही.

परीक्षेत विचारतात ते आठ काढणं, म्हणजे पाय न टेकवता इंग्रजी 8 च्या आकारात गाडी फिरवणं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेची लोकांना जी धास्ती असते ती याचीच. नाना रोज फक्कीने आठ आखतात आणि तासाभरात टायरांनी तो पुसला जातो. युक्ती एकच : नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही. या वळणात असताना पुढचं वळण बघायचं, मान पूर्ण वळवून. "गाडी जिकडं बघाल तिकडं जाते, गुरुजी." दुसऱ्या गिअरला जायचं नाही, क्लच अर्ध्यावर स्थिर, अ‍ॅक्सिलेटर स्थिर, आणि वेग आवरायला मागचा ब्रेक अगदी नावापुरता. पुढच्या ब्रेकवरची बोटं आठ काढताना उचलून घ्यायला सांगतात. घाईत ते बोट दाबलं गेलं की वळलेल्या हँडलवर गाडी आडवी होते. नजर वर गेली त्या दिवसापासून माझा पाय जमिनीला लागणं थांबलं.

रस्त्यावर नेताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावतात आणि नाना मागे बसतात. शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही, हा नियम आहे. बायकोला बाजारात सोडून येतो म्हणून निघणारे शिकाऊ नाशकात पुष्कळ दिसतात, म्हणून सांगतो. आधी म्हसरूळच्या आतल्या गल्ल्या, मग मखमलाबाद, मग निमाणीची गर्दी. सध्या शहरात कुंभमेळ्याची कामं सुरू आहेत, काल होता तो रस्ता आज खोदलेला असतो. नाना ते टाळत नाहीत, उलट मुद्दाम तिकडे नेतात. सैल खडीवरून कसं जायचं, खड्डा दिसला तर शेवटच्या क्षणी हँडल मारायचं नाही, आधी आरसा, मग खांद्यावरून एक नजर, मग बाजूला.

हेल्मेटच्या बाबतीत तडजोड नाही. आयएसआय खूण आहे का बघतात, पट्टा लावून दोन बोटं घालून बघतात. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम होती, तेव्हा पंपावर लोक शेजारच्याचं हेल्मेट मागून पेट्रोल भरायचे. नाना त्याची आठवण काढून कळवळून बोलतात. एसटीच्या नोकरीत त्यांनी रस्त्यावर जे पाहिलंय ते ते सगळं सांगत नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

पक्क्या लायसन्ससाठी शिकाऊ मिळाल्यापासून तीस दिवस थांबावं लागतं, आणि शिकाऊ लायसन्स सहा महिनेच चालतं. नाना या दोन तारखा पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतात. वेळ आणि फी ऑनलाइन. परीक्षेचे ३०० आणि लायसन्सचे २०० हा केंद्राच्या नियमातला दर, त्यावर काही किरकोळ आकार येतो. परीक्षा पेठ रोडच्या आरटीओत झाली. क्लासची गाडी नेता येते, तिचं आरसी, विमा, पीयूसी सगळं नानांनी एका पिशवीत बांधून दिलं होतं. गाडी सुरू केली, आरसा नीट केला, हाताने इशारे दिले, आठ काढला, सांगितलं तिथे थांबलो. मैदानावर जे रोज करत होतो त्याहून अवघड तिथे काही नव्हतं. नापास झालं तरी सात दिवसांनी पुन्हा देता येते, हे माहीत असलं की हात कमी थरथरतात. माझ्या वयाला लायसन्स दहा वर्षांचं मिळतं.

त्यानंतर नानांकडे वेगळी फी भरून एक घाटाचा धडा घेतला, सातशे रुपयांत. माझ्यासारख्या कामाला जाणाऱ्याने तो घ्यावाच. नाना त्यांच्या गाडीवर पुढे, मी मागे, पेठ रोडने सावळघाटापर्यंत. हा रस्ता पुढे धरमपूरकडे गुजरातेत जातो, त्यामुळे ट्रक भरपूर. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. नानांनी त्याचा धोका तिथे उभं राहून सांगितला. न्यूट्रलवर इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणाला लागेनासे होतात. उतरताना दुसरा गिअर, क्लच सोडलेला, ब्रेक अधूनमधून. वळणाआधी वेग कमी, वळणात नाही. ट्रकच्या मागे असाल तर त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. परतताना मला पुढे ठेवलं. आरटीओपाशी थांबून नानांनी माझी प्रत्येक चूकबरोबर सांगितली, एका कागदावर लिहूनही दिली. तो कागद माझ्या डायरीत आहे.

आता उणिवा. गिअरची गाडी एकच आहे, त्यामुळे तासात निम्मा वेळ बसून राहावं लागतं. मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही. बायकांची फार गैरसोय होते आणि एवढी फी घेताना ही सोय व्हायलाच हवी, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं आहे. क्लासची हेल्मेटं सगळ्यांची मिळून, घामट. स्वतःचं घेऊन जा. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे रात्रीचा धडा नाही. समोरून डोळ्यांवर येणारा उजेड कसा सांभाळायचा, अंधारात वेग किती ठेवायचा, हे शिकायचं राहिलं. हिवाळ्यात शाळेतून परतताना सहालाच अंधारून येतं. नानांना विचारलं तर म्हणाले, रात्री आता दिसायला त्रास होतो. त्यांचा नाइलाज मी समजतो, पण काकूंनी दुसरा कोणी शिकवणारा पाहावा असं मला मनापासून वाटतं.

बॅच सकाळी साडेसहाची. सकाळी फोन उचलत नाहीत, दुपारी दोननंतर करा. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की गिअरच्या गाडीची बॅच बंद असते, म्हणून ज्यांना जूनमध्ये कामावर रुजू व्हायचंय त्यांनी मार्चच्या आत शिकाऊ लायसन्स काढून नाव नोंदवलेलं बरं.